लेझर की इंकजेट: सात जणांच्या एका कार्यालयाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे कार्यालय हिशेब तपासणीचं. माणसं सात: कार्यालयाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, दोन वरिष्ठ लेखापाल, तीन नवखे लेखापाल, आणि आवक-जावक, फायली, छपाई असं सगळं सांभाळणारे काका. मी त्यांच्या संगणकांची देखभाल बघतो. नोकरीला नाही, बोलावलं की जातो. नाव, ठिकाण आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. आकडे मात्र त्यांच्याच नोंदवहीतले आहेत.

या कामाला ठरलेला चढउतार आहे. वर्षातले दोन महिने मान वर करायला फुरसत नसते. अहवाल एकामागून एक बाहेर पडतात आणि प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती लागतात. उरलेले दहा महिने छपाई तुरळक. मधे कधी आठ-दहा दिवस प्रिंटरला कोणी हातही लावत नाही. छापलेल्या कागदाचं पुढे काय होतं तेही सांगायला हवं, कारण शेवटी निर्णय त्यावरच फिरला. तपासणीचे कागद वाचले जातात, त्यांवर टिकमार्क होतात, हायलायटर फिरतो, सह्या होतात आणि मग ते वर्षानुवर्षं फायलीत राहतात. कधी एखादी फाइल चार वर्षांनी पुन्हा उघडावी लागते आणि तेव्हा त्यातला आकडा वाचता यावाच लागतो.

प्रिंटर होता तो घरगुती वापराचा इंकजेट, स्कॅनरसकट. कार्यालयात तीन माणसं होती तेव्हा घेतलेला. माणसं सात झाली, यंत्र तेच राहिलं.

अडचण

ऐन हंगामातली संध्याकाळ. १४० पानांचा अहवाल, तीन प्रती, म्हणजे ४२० पानं. दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा. पहिल्या प्रतीचं ६१ वं पान बाहेर आलं आणि काकांनी ते उजेडाकडे धरलं. अक्षरांच्या मधून पांढऱ्या रेघा गेल्या होत्या, कंगवा फिरवल्यासारख्या. आठचा तीन वाटत होता. हिशेबाच्या कागदावर ही बारीक गोष्ट नाही.

"मॅडम, परत रेघा येतायत," काका म्हणाले. मग हेड क्लीनिंग झालं, म्हणजे शाई उडवणारा भाग धुतला. नोझल, म्हणजे शाईची छिद्रं, तपासण्याचं पान काढलं. त्यावरची काळी पायरी-पायरीची जाळी पाच ठिकाणी तुटलेली. पुन्हा क्लीनिंग, पुन्हा पान, तीन ठिकाणी तुटलेली. तिसऱ्यांदा क्लीनिंग केल्यावर काळी जाळी पूर्ण उमटली, पण तोवर गुलाबी रंगाची कार्ट्रिज संपली. त्या यंत्राची रचना अशी की एक रंग संपला की काळी छपाईही बंद. काळी शाई भरलेली, कागद भरलेला, आणि पडद्यावर संदेश: कार्ट्रिज बदला.

मला फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. त्या वेळी नवी कार्ट्रिज मिळणं शक्य नव्हतं. शेवटी मॅडम पेनड्राइव्ह घेऊन एका ओळखीच्या कार्यालयात गेल्या, प्रत्येक पान बाहेर पडेपर्यंत स्वतः यंत्रापाशी उभ्या राहिल्या आणि नंतर तिथल्या संगणकावरून फाइल पुसून आल्या. ग्राहकाचे आकडे दुसऱ्याच्या यंत्रात ठेवून येणं त्यांना मान्य नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

त्या रात्रीची घटना डोळ्यांत भरणारी, पण दोन जुन्या तक्रारी तिच्याइतक्याच खऱ्या होत्या. एक, हायलायटर फिरवला की शाई ओढली जायची आणि पिवळ्या पट्ट्यात काळपट डाग पसरायचा. दोन, एका फायलीवर पाणी सांडलं तेव्हा बेरजांचा अख्खा स्तंभ निळसर ओघळ होऊन गेला. त्या पानांवर सह्या होत्या. ती पुन्हा छापून भागलं नाही, सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या.

पहिला निर्णय: आधी मोजायचं

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा मॅडमचा प्रश्न तयार होता. "कुठला लेझर घेऊ ते सांगा." एका वरिष्ठ लेखापालांचा कल इंक टँककडे, म्हणजे कार्ट्रिजऐवजी टाकीत बाटलीतून शाई भरायच्या इंकजेटकडे होता. त्यांच्या नातेवाइकांकडे तो होता आणि शाईची बाटली वर्षभर पुरते असं ते सांगत होते. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, पण कार्यालय नेमकं किती आणि कसं छापतं हे कुणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी मॉडेलचं नाव सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. मी चार आठवडे मागून घेतले. हंगाम संपत आला होता, म्हणून ते मिळाले.

प्रिंटरच्या स्थितीदर्शक पानावर एकूण पानांचा आकडा असतो. तो निघाला २४,५०० आणि यंत्राचं वय २८ महिने. म्हणजे महिन्याला सरासरी ८७५ पानं. ही सरासरी फसवी होती. फायलीतल्या अहवालांवरून मागे जाऊन हिशेब मांडला तर हंगामाचे दोन महिने प्रत्येकी ३,००० च्या आसपास आणि उरलेले दहा महिने सरासरी ४५०, त्यातही काही महिने जेमतेम २५०. ८७५ पानांचा महिना असा कधीच आला नव्हता.

दुसरी मोजणी हाताने केली. काकांनी प्रिंटरच्या बाजूला सुतळीने एक वही टांगली. कोणी छापलं, किती पानं, रंगीत की काळं, आणि रंग खरंच लागत होता का. चौथा रकाना मी आग्रहाने घालायला लावला. चार आठवड्यांत ५१२ पानं निघाली. त्यातली १३१ रंगीत छापली गेली आणि रंग खरोखर लागत होता तो फक्त १९ पानांना. बाकी सगळे ईमेलवरचे रंगीत शिक्के, वेबपानांवरच्या पट्ट्या, निळ्या अक्षरातले दुवे. कुणी मागितले नव्हते, छपाईची मूळ निवड 'रंगीत' होती म्हणून छापले गेले.

तिसरी गोष्ट जुन्या बिलांवरून कळली. काळ्या कार्ट्रिजवर ४८० पानांचा आकडा छापलेला होता. हंगामात ती जवळजवळ तेवढी चालायची. मंदीच्या महिन्यांत मात्र एका कार्ट्रिजमध्ये २६० च्या पुढे पानं गेली नव्हती. उरलेली शाई कागदावर पोहोचलीच नाही. यंत्र सुरू होताना स्वतःहून हेड धुतं, अडकलं की आपण धुवायला लावतो आणि ती सगळी शाई आतल्या शोषक गादीत जाते. कार्ट्रिजच्या पानांचे आकडे आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मोजले जातात, त्यात खोटं काही नसतं. पण ती मोजणी ठरावीक नमुना-पानांवर आणि बहुतांशी सलग छपाईत होते. आठ दिवस बंद राहून मग तीन पानं छापणाऱ्या कार्यालयाला तो आकडा लागू पडत नाही.

अडकण्याचं कारण

थोडं यंत्राच्या पोटात शिरायला हवं, नाहीतर पुढची निवड आवडीनिवडीची वाटेल.

इंकजेटमध्ये केसाहून बारीक छिद्रांतून ओल्या शाईचे थेंब कागदावर उडतात. थेंब उडवायच्या दोन रीती आहेत. एकीत छिद्रामागचा चिमुकला तापक शाईची वाफ करतो आणि तो बुडबुडा थेंब ढकलतो. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून गरम सोल्डरिंग आयर्न लागलं आणि शाई उडाली, त्यातून तिथली ही कल्पना निघाली असं सांगतात. दुसऱ्या रीतीत विजेने आकार बदलणारा स्फटिक शाईला दाबतो. रीत कुठलीही असो, छिद्राच्या तोंडाशी शाई उघडी असते आणि उघडी शाई वाळते. रोज वापर असेल तर वाळायला वेळच मिळत नाही. वापर नसेल तर वाळणारच.

लेझरमध्ये ओलं काही नसतं. टोनर म्हणजे रंग मिसळलेली प्लॅस्टिकची बारीक भुकटी. लेझरचा किरण विद्युतभारित ड्रमवर अक्षरांची प्रतिमा उमटवतो, भुकटी तिथे चिकटते, तिथून कागदावर येते आणि शेवटी फ्यूजरचे तापलेले रूळ ती वितळवून कागदाच्या तंतूंत बसवतात. फ्यूजरचं तापमान २०० अंश सेल्सियसच्या आसपास असतं. भुकटी महिनाभर पडून राहिली तरी तिला काही होत नाही, आणि कागदात वितळून बसलेल्या प्लॅस्टिकला पाण्याचं आणि हायलायटरचं भय नसतं. या कार्यालयाच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं, ओली शाई.

समोर आलेले पर्याय

जुनाच प्रिंटर दुरुस्त करून घ्यायचा, हा पर्याय पाच मिनिटांत निकालात निघाला. नवं हेड बसवलं असतं तरी दहा मंद महिने तेच राहिले असते.

सगळी छपाई बाहेरून करून घेण्यावर मॅडमनी स्पष्ट नाही म्हटलं. कारण वर आलंच आहे.

रंगीत लेझर मोहात पाडणारा होता. लेझरही आणि रंगही. पण त्यात चार टोनर, चार रंगांचा सगळा पसारा, आकार मोठा, जागा जास्त, आणि कधीतरी चारही टोनर बदलायची वेळ येते. हे सगळं महिन्याला १९ पानांसाठी. वहीतला चौथा रकाना इथे कामाला आला. १३१ हा आकडा धरला असता तर आम्ही बहुतेक रंगीत लेझर घेतला असता.

उरले दोन: काळा-पांढरा लेझर आणि इंक टँक. खरी लढत यांच्यात होती. इंक टँकची बाजू मी पूर्ण मांडली, कारण शाईच्या खर्चात तो लेझरला हरवतो. बाटलीतल्या शाईवर काही हजार पानं निघतात. जुन्या कार्ट्रिजवर एका काळ्या पानाला पडणारा खर्च १०० धरला तर आमच्या हिशेबात लेझरचं पान २८ आणि इंक टँकचं ६ असं आलं. लेझरच्या २८ मध्ये ड्रमचा हिस्साही धरला होता, तो बरेच जण विसरतात. वीजही इंकजेटला कमी लागते. छापताना तो बल्बाइतकी वीज घेतो, लेझरला फ्यूजर तापवायला शेकडो वॅट लागतात.

नुसत्या या आकड्यांवर कोणीही इंक टँकच घेईल. वरिष्ठ लेखापालांनी तेच म्हटलं. "अहो, आपण हिशेब तपासणारी माणसं. सहा सोडून अठ्ठावीस कसे घ्यायचे?"

कसोटी

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर वादातून निघणार नव्हतं. दोन दिवसांसाठी एका परिचितांचा इंक टँक आणला, दुसरीकडून एक लेझर आणला आणि दोन्ही मधल्या टेबलावर ठेवले. कागद एकाच रिममधला. ४० पानांचा आकड्यांनी भरलेला तोच गठ्ठा दोन्हींवर काढला. लेझरने दीड मिनिटाच्या आत संपवला. इंक टँकला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला. पाठपोट छपाईत फरक आणखी वाढला, कारण एक बाजू छापल्यावर शाई वाळेपर्यंत इंकजेट कागद धरून थांबतो आणि मगच उलटवतो. एरवी या मिनिटांना मी महत्त्व दिलं नसतं. पण हंगामात ४२० पानांचे अहवाल रांगेत असतात आणि मागे चार माणसं उभी असतात.

मग काकांनी दोन्हींचं एकेक पान टेबलावर पसरलं. बोटाने पाण्याचा एक थेंब बेरजेच्या ओळीवर टेकवला, दहापर्यंत मोजलं आणि टिपकागदाने टिपलं. लेझरच्या पानावर कागद फुगला, आकडे जसेच्या तसे. इंक टँकच्या पानावर थेंबाएवढं राखाडी वर्तुळ झालं आणि आतले शून्य एकमेकांत मिसळले. मग पिवळा हायलायटर. लेझरवर स्वच्छ. इंक टँकवर हायलायटरचं टोकच काळं झालं आणि पुढच्या ओळीवरही माखलं. सगळे बघत होते. कोणी काही बोललं नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. त्या इंक टँकची काळी शाई विरघळणाऱ्या रंगाची, म्हणजे डाय प्रकारची होती. काही मॉडेलांत काळी शाई पिगमेंट प्रकारची असते. तिच्यात रंगाचे घन कण असतात आणि ती वाळल्यावर पाण्याला बरीच दाद देत नाही. तसं यंत्र कसोटीला असतं तर पाण्याचा निकाल इतका एकतर्फी लागला नसता. आम्हाला ते त्या दोन दिवसांत मिळालं नाही. तरी पडून राहण्याचा प्रश्न पिगमेंट शाईनेही सुटत नाही, आणि वेगाचाही नाही.

निर्णय

काळा-पांढरा लेझर, पाठपोट छपाई आपोआप करणारा, नेटवर्कवर चालणारा. अठ्ठावीस आणि सहा यांचं काय, हे मॅडमनी स्वतः सोडवलं. त्यांनी एका कागदावर लिहिलं: सह्या पुन्हा घेण्यात गेलेले तास, त्या रात्रीचे सहा तास, दर मंद महिन्यात क्लीनिंगवर गेलेला काकांचा वेळ. वर्षाला साडेदहा हजार पानांवर दोन्ही यंत्रांच्या छपाईखर्चातला फरक या तासांपुढे लहान होता. छपाई वर्षाला पन्नास हजार पानांची आणि रोजची असती, तर हाच कागद उलटा बोलला असता आणि मीही इंक टँक सुचवला असता.

रंगीत १९ पानांचं काय करायचं यावर जरा चर्चा झाली. त्यातले बहुतेक आलेख होते. ते रंगांऐवजी अखंड रेघ, तुटक रेघ, ठिपक्यांची रेघ अशा पद्धतीने काढायचं ठरलं. ग्राहकाला रंगीत हवा असेल तर पीडीएफ पाठवायची. यातून एक अनपेक्षित फायदा झाला. आधी रंगीत आलेखाची झेरॉक्स काढली की लाल आणि हिरवी रेघ सारखीच दिसायची. आता झेरॉक्सवरही आलेख वाचता येतो.

मॉडेल निवडताना एका आकड्यावर आम्ही अडखळलो. माहितीपत्रकात दोन मासिक आकडे असतात. कमाल क्षमता १५,००० पानं आणि शिफारस केलेली छपाई २,००० पर्यंत. पहिला आकडा यंत्र एखाद्या महिन्यात किती ताण सोसेल ते सांगतो, दुसरा रोजच्या सुखाने चालण्याचा. आमचे हंगामी महिने ३,००० चे. वरच्या वर्गातलं यंत्र बरंच महाग आणि आकाराने मोठं होतं. दोनच महिने ओलांडतोय म्हणून लहान वर्गावर शिक्कामोर्तब केलं. या निर्णयाकडे पुढे परत येतो.

अंमलबजावणी

पहिल्याच दिवशी चूक झाली आणि ती माझ्या गैरहजेरीत झाली तरी आधी सांगायचं काम माझं होतं. प्रिंटर रिकाम्या दिसलेल्या सॉकेटला लावला गेला, आणि ते सॉकेट यूपीएसचं होतं. फ्यूजर तापताना लेझर क्षणभर खूप वीज ओढतो. लहान यूपीएसला ती झेपत नाही. तो किंचाळला, बंद पडला आणि त्यावरचा एक संगणक न साठवलेल्या फायलीसकट गेला. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावल्यावर हा प्रश्न संपला. जागाही बदलली, कारण यंत्राच्या मागून निघणारी गरम हवा एका लेखापालांच्या पायांवर येत होती.

संगणकांवर मूळ निवड पाठपोट आणि टोनर-बचत बंद अशी ठेवली. बचतीच्या छपाईत बारीक आकडे फिके पडतात, आणि इथे तेच वाचायचे असतात. यंत्रासोबत आलेला टोनर पूर्ण भरलेला नसतो हे काकांना सांगून ठेवलं. त्यावर ७०० पानं निघतात, विकत घेतलेल्यावर ३,०००. हे माहीत नसेल तर पहिला टोनर लवकर संपल्यावर आपण फसलो असं वाटतं.

उघडा रिम कपाटात बंद ठेवायची सवयही तेव्हाच लागली. दमट हवेत कागद ओल धरतो, फ्यूजरमधून जाताना ती ओल झटकन उडते आणि पान वळून बाहेर येतं. वळलेली पानं पाठपोटाच्या वाटेवर अडकतात.

पहिला हंगाम

हंगामाच्या आधी जुन्या दिवसांतला चकचकीत फोटो-कागद संपवायचा म्हणून एका नवख्या लेखापालाने तो मुखपृष्ठासाठी लेझरच्या ट्रेमध्ये घातला. इंकजेटच्या अशा कागदावर शाई शोषणारा लेप असतो, तो फ्यूजरच्या उष्णतेला मऊ होतो. कागद रुळाला गुंडाळला गेला. नशिबाने लेप सुटला नव्हता. यंत्र थंड होऊ दिलं, मागचं दार उघडून कागद सरळ ओढून काढला आणि पुढे काही बिघडलं नाही. उरलेला गठ्ठा त्याच दिवशी देऊन टाकला.

खरी परीक्षा हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. प्रत्येक पानावर काळा ठिपका येऊ लागला. ठिपका बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढाही नाही, पण एका पानावर तीनदा, एकाच उभ्या रेषेत. दशांशचिन्हाच्या जागी पडला तर आकडा बदलतो. काकांनी फोनवर एवढंच सांगितलं, "ठिपके सारख्या अंतरावर पडतायत." या एका वाक्याने निम्मं काम झालं. मी त्यांना पट्टी लावायला सांगितली. ९४ मिलिमीटर, दोन्ही अंतरं.

ड्रम गोल फिरतो. त्याच्यावर डाग असेल तर तो प्रत्येक फेऱ्याला एकदा कागदावर उमटतो, म्हणून डागांमधलं अंतर म्हणजे त्या रुळाचा परीघ. या यंत्रातल्या ड्रमचा व्यास ३० मिलिमीटर. त्याला पायने (३.१४) गुणलं की ९४. फ्यूजरचा किंवा इतर रुळाचा दोष असता तर अंतर वेगळं आलं असतं. यंत्राच्या पुस्तिकेत अंतरांचा तक्ताही होता, त्यातही तेच. मी तासाभरात पोचलो, ड्रम बाहेर काढला, तो उजेडात राहू नये म्हणून वर कागद धरला आणि हळूहळू फिरवला. गुळगुळीत पृष्ठभागावर डिंकाचा एक कण चिकटला होता.

डिंक आला कुठून ते काकांनीच शोधलं. फायलींच्या पाठीवर लावायच्या लेबलांचा अर्धा वापरलेला कागद दुसऱ्यांदा यंत्रातून गेला होता. ज्या जागची लेबलं काढली होती तिथे डिंकाची किनार उघडी राहिली होती. आतल्या उष्णतेत आणि दाबात ती ड्रमला लागली. कोरड्या कापसाच्या काडीने, नखही न लावता, तो कण उचलून काढला. पुढच्या दहा पानांत ठिपका गेला. या सगळ्यात अडीच तास गेले आणि त्या अडीच तासांत कार्यालयात एकही पान छापता आलं नाही. तेव्हापासून लेबलं यंत्राच्या मागच्या दाराने सरळ वाटेने आणि फक्त कोऱ्या, पूर्ण तावावर छापतात.

निकाल

चौदा महिन्यांत ११,६०० पानं झाली. यंत्राबरोबरचा टोनर आणि त्यानंतरचे तीन संपले, चौथा सुरू आहे. हेड क्लीनिंग हा शब्द कार्यालयात कोणी उच्चारत नाही. कागद मात्र बराच कमी लागतो, कारण तपासणीचे कागद पाठपोट निघतात. अकरा दिवसांच्या सुट्टीनंतर कार्यालय उघडलं त्या सकाळी मी तिथेच होतो. काकांनी यंत्र सुरू केलं, पहिलं पान हातात घेतलं आणि सवयीने उजेडाकडे धरलं. एकही रेघ नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान बघून मला या सगळ्या मोजणीचं चीज झालं असं वाटलं.

हायलायटरच्या तक्रारी थांबल्या. पाणी एकदा पुन्हा सांडलं. कागद पंख्याखाली वाळवला, सह्यांची शाई थोडी पसरली, छापलेले आकडे शाबूत राहिले.

जे मिळालं नाही तेही लिहितो. अचानक रंगीत पान हवं झालं तर आजही अडचण होते. वर्षभरात असं पाच-सहा वेळा झालं, आणि एकदा ग्राहकाला नकाशा काळा-पांढराच द्यावा लागला. पानामागचा छपाईखर्च इंक टँकहून जास्तच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते मोठी चूक एकच: सात माणसांचा सगळा भार एका यंत्रावर ठेवला. वर्ग लहान घ्यायचा की मोठा यावर आम्ही बराच वेळ घालवला, पण त्याच लहान मॉडेलची दोन यंत्रं घ्यायचा विचार कुणीच मांडला नाही, मीही नाही. दोन यंत्रं, एकच टोनर दोन्हींना चालणारा. तेव्हा हंगामात प्रत्येकावर १,५०० पानं आली असती, शिफारशीच्या आत, आणि डिंकाच्या त्या अडीच तासांत काम थांबलं नसतं. दोन लहान यंत्रांची मिळून किंमत वरच्या वर्गातल्या एका यंत्राच्या आसपासच जात होती. दुसरं यंत्र आता पुढच्या हंगामाआधी येणार आहे.

कसोटीला पिगमेंट शाईचा इंक टँक मिळेपर्यंत आणखी आठवडा थांबायला हवं होतं. निर्णय बदलला असता असं मला वाटत नाही, पण वरिष्ठ लेखापालांच्या प्रश्नाला पुरतं उत्तर मिळालं असतं. त्यांनी तो मनापासून विचारला होता.

यंत्रात काय घालायचं नाही याची यादी पहिल्याच दिवशी ट्रेवर चिकटवायला हवी होती: फोटो-कागद, अर्धी वापरलेली लेबलं, प्लॅस्टिकचं अस्तर किंवा खिडकी असलेली पाकिटं. इंकजेटवर वाढलेल्या माणसांना कागदाचा उष्णतेशी संबंध येतो हे सुचत नाही आणि ते त्यांचं चुकत नाही. ती यादी आता काकांच्या अक्षरात तिथे आहे.

ड्रमकडेही आधी लक्ष द्यायला हवं होतं. त्याची मर्यादा १२,००० पानं, पण एकेक पानाची छपाई जास्त असेल तर ती लवकर संपते, कारण प्रत्येक वेळी ड्रम पानाच्या आधी आणि नंतर थोडा रिकामा फिरतो. मंद महिन्यांत या कार्यालयाची छपाई तशीच असते. सुतळीला टांगलेली वही अजून तिथेच आहे आणि काका दर सोमवारी तिच्यात यंत्राचा आकडा लिहितात. परवाची नोंद ११,६०० ची. नवा ड्रम आणून ठेवला आहे, कपाटाच्या वरच्या खणात, काळ्या पिशवीचं सील न तोडता.